गुडघे बदलल्यावर गुठळीची गोळी किती दिवस घ्यायची, आणि नुसत्या एस्पिरिनवर भागतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईंचं वय ६७, वजन ७८ किलो, शुगर आणि बीपी दोन्ही आहे, बारा दिवसांपूर्वी एकाच वेळी दोन्ही गुडघे बदललेत. हॉस्पिटलात चार दिवस पोटात इंजेक्शन दिलं, एनॉक्सापॅरिन ४०, आणि घरी सोडताना रिव्हारॉक्साबॅन १० रोज एक अशी दहा गोळ्यांची स्ट्रिप दिली, त्यातल्या दोन उरल्यात. पोटावर निळेकाळे डाग आहेत, मेडिकलवाला म्हणतो रक्त पातळ करायची गोळी जास्त दिवस नको, पुण्यातल्या मेव्हण्यांना त्यांच्या डॉक्टरांनी नुसती एस्पिरिन दिली होती आणि ते ठणठणीत आहेत. त्यात गावाकडे मावशींचा खुबा मोडलाय, वय ८०, वजन जेमतेम ४२, त्यांनाही हेच पोटातलं इंजेक्शन सुरू केलंय. तर आईंची गोळी बंद करायची, चालू ठेवायची की एस्पिरिन आणायची, आणि मावशींना हे सगळं झेपेल का.

मी हाडांचा डॉक्टर आहे, सांधे बदलायची आणि फ्रॅक्चरची ऑपरेशनं बरीच वर्षं करतोय, त्यामुळे आधी सरळ उत्तर देतो. आईंची गोळी आज बंद करू नका, आणि त्या दोन गोळ्या संपायच्या आत ऑपरेशन केलेल्या सर्जनला फोन करून पुढचं ठरवून घ्या. एका गुडघ्यासाठी साधारण दहा ते चौदा दिवस हा औषधाचा कमीत कमी कोर्स धरतात, इंजेक्शनचे दिवस त्यात मोजायचे, म्हणजे तुमचे चार अधिक दहा असे चौदा बरोबर भरतात आणि डिस्चार्ज कार्डावर चूक काही नाही. पण आईंचे दोन्ही गुडघे एका बैठकीत झालेत, वजन जास्त आहे, आणि तुम्हीच लिहिलंय की अजून वॉकर घेऊन बाथरूमपर्यंतच जातात, बाकी दिवसभर पलंगावर. असा पेशंट माझा असता तर मी चौदाव्या दिवशी थांबलो नसतो, महिना-पाच आठवडे काही ना काही चालू ठेवलं असतं, एक तर हीच गोळी किंवा उरलेल्या दिवसांना एस्पिरिन. पण हे मी जखम न बघता, किडनीचा रिपोर्ट न बघता बोलतोय. जखमेतून अजून ओलं येत असेल, हिमोग्लोबिन उतरलं असेल, पूर्वी कधी अल्सर झाला असेल तर गणित उलटं फिरतं, म्हणून निर्णय त्यांच्या सर्जनचाच.

आता हे औषध मुळात कशाला, ते नीट कळलं की बाकीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. फिर्चो नावाच्या जर्मन डॉक्टरांच्या नावाने आम्हाला कॉलेजात तीन कारणं पाठ करायला लावतात, रक्त साचून राहणं, नसेच्या आतल्या अस्तराला इजा होणं आणि रक्ताचा गोठण्याकडे कल वाढणं, आणि गुडघा किंवा खुबा बदलताना आम्ही ही तिन्ही कारणं एकदम जमवून आणतो. मांडीला टूर्निके बांधून रक्त थांबवतो, पाय वाकवतो-पिळतो, हाड कापतो, मज्जा उघडी पडते, सिमेंट भरतो, आणि शरीराला वाटतं मोठी जखम झालीय, गोठवा. मग पेशंट पडून. पोटरीचे स्नायू चालताना आखडले की ते रक्त वर ढकलतात, ते थांबलं की पाटाचं पाणी अडल्यावर गाळ बसतो तसं पोटरीच्या खोल नसांत होतं. बारीक गुठळ्या बहुतेक तिथल्या तिथे विरघळतात, पण एखादी वाढत मांडीपर्यंत गेली आणि सुटली की थेट हृदयातून फुफ्फुसात जाऊन अडकते, आणि ते जिवावर बेततं.

महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा गोठण्याचा कल टाके सुकले म्हणून संपत नाही. अमेरिकेतल्या रेकॉर्डवरून पूर्वी बघितलं गेलंय की ज्यांना त्रास देणारी गुठळी झाली त्यांच्यात गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती साधारण सातव्या दिवसाच्या आसपास आणि खुब्याच्या ऑपरेशननंतर सतराव्या दिवसाच्या आसपास समोर आली, निम्म्या त्याच्या आधी, निम्म्या नंतर. आणि आपल्याकडे डिस्चार्ज कधी मिळतो? तिसऱ्या-चौथ्या दिवशी. म्हणजे धोक्याचे बरेचसे दिवस घरी जातात, जिथे सिस्टर नाही, राउंडला कोणी येत नाही, आणि औषधाची पिशवी नातवाच्या ताब्यात. माझ्या मते या सगळ्या विषयात कुठलं औषध यावर जेवढा वाद होतो त्याच्या पावपटही किती दिवस यावर होत नाही, आणि खरी गडबड तिथेच होते. इंजेक्शन भारीतलं, पाय दाबणारे हवेचे पंप लावलेले, सगळं झकास, आणि घरी गेल्यावर स्ट्रिप संपली म्हणून बंद, किंवा शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून बंद.

आपल्या लोकांना गुठळ्या होतच नाहीत, हा गोऱ्या लोकांचा आजार, असं माझ्या पिढीच्या कितीतरी डॉक्टरांनीही वर्षानुवर्षं म्हटलंय. २००५ साली आशियातल्या काही देशांत मिळून एक अभ्यास झाला, खुबा किंवा गुडघ्याच्या मोठ्या ऑपरेशननंतर औषध न दिलेल्या लोकांच्या पायात डाय सोडून फोटो काढले, तर ४१ टक्क्यांच्या नसांत गुठळी दिसली आणि साधारण १० टक्क्यांना ती गुडघ्याच्या वरच्या मोठ्या नसेत होती. भारत त्या देशांत नव्हता, पण आपण वेगळ्या मातीचे आहोत असं मानायला मला काही कारण दिसत नाही. हा ४१ चा आकडा वाचून घाबरूनही जाऊ नका, त्यातल्या बहुतेकांना काहीही जाणवलं नव्हतं, फोटो काढला म्हणून दिसली. आज औषध देऊन, दुसऱ्या दिवशी उभं करून, त्रास देणारी गुठळी शंभरात एक-दोघांना होते, पण ती कोणाला होणार हे आधी सांगता येत नाही, म्हणून औषध सगळ्यांना.

आता औषधं. पोटातलं इंजेक्शन म्हणजे हेपॅरिनचाच लहान केलेला प्रकार, दिवसातून एकदा, रक्त गोठवणाऱ्या साखळीतली एक कडी तो अडवतो. रिव्हारॉक्साबॅन, अॅपिक्साबॅन या गोळ्या तीच कडी थेट अडवतात. रिव्हारॉक्साबॅन १० दिवसातून एकदा, ऑपरेशननंतर सहा ते दहा तासांनी रक्तस्राव थांबलाय हे बघून सुरू करता येते, अॅपिक्साबॅन अडीच मिलिग्रॅम दोन वेळा, ती बारा ते चोवीस तासांनी. दोन्हीचा कोर्स गुडघ्याला दोन आठवड्यांच्या आतबाहेर आणि खुब्याला पाच आठवडे असा अभ्यासलेला आहे. गोळीचा फायदा उघड आहे, घरी टोचायला कोणी लागत नाही. पूर्वी ही गोळी महाग म्हणून लोक चार दिवसांत सोडायचे, आता जेनेरिक भरपूर आल्यात. एस्पिरिनचं काम वेगळं, ती प्लेटलेट चिकटू देत नाही. नसेतली गुठळी प्लेटलेटपेक्षा फायब्रिनच्या, म्हणजे रक्त गोठताना तयार होणाऱ्या धाग्यांच्या, जाळ्याने जास्त बनते म्हणून पुस्तकी हिशोबाने एस्पिरिन इथे कच्चीच पडायला हवी, पण माणसांवर करून बघितलं तर ती अपेक्षेपेक्षा बरीच कामाला येते.

तुमच्या मेव्हण्यांच्या डॉक्टरांनी काही चुकीचं केलेलं नाही, हे आधी सांगतो, कारण घरोघरी यावरून तुझा डॉक्टर बरोबर की माझा असं सुरू होतं. कॅनडात एक मोठा अभ्यास झाला, २०१८ मध्ये छापून आला, ३,४२४ लोकांचा, त्यात सगळ्यांना पहिले पाच दिवस रिव्हारॉक्साबॅन दिली आणि मग निम्म्यांना तीच पुढे आणि निम्म्यांना एस्पिरिन ८१, गुडघेवाल्यांना आणखी नऊ दिवस, खुबेवाल्यांना आणखी तीस दिवस. त्रास देणारी गुठळी एस्पिरिनवर ०.६४ टक्के, रिव्हारॉक्साबॅनवर ०.७० टक्के, म्हणजे फरक नाहीच. यात सगळी गंमत त्या पहिल्या पाच दिवसांत आहे आणि नेमकी तीच लोक विसरतात. कारण २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ३१ हॉस्पिटलांनी पहिल्या दिवसापासून नुसती एस्पिरिन १०० विरुद्ध एनॉक्सापॅरिन ४० असा सामना लावला तर नव्वद दिवसांत गुठळ्या एस्पिरिनवर ३.४५ टक्के आणि इंजेक्शनवर १.८२ टक्के निघाल्या, आणि अभ्यास मध्येच थांबवावा लागला. आता यातल्या बहुतेक गुठळ्या गुडघ्याच्या खालच्या, कमी धोक्याच्या होत्या, त्यामुळे एस्पिरिनवाले आणि इंजेक्शनवाले दोघेही हाच पेपर आपापल्या बाजूने वाचतात! कॉन्फरन्समध्ये यावर जेवणाची वेळ होईपर्यंत भांडणं ऐकलीत मी. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शनात तर एका गुडघ्यासाठी १४ दिवस नुसती एस्पिरिन ७५ किंवा १५० हा पर्याय उघडपणे दिलेला आहे, खुब्याला मात्र आधी दहा दिवस इंजेक्शन आणि मग २८ दिवस एस्पिरिन.

माझं स्वतःचं मत असं झालंय की सडपातळ, साठीचा, एकच गुडघा, संध्याकाळी उभा राहिला, दुसऱ्या दिवशी पॅसेजमध्ये चालला, घरात कोणाला गुठळीचा इतिहास नाही, अशा माणसाला एस्पिरिन देऊन मी शांत झोपतो. पण आधी कधी पायात किंवा फुफ्फुसात गुठळी झालीय, कॅन्सर आहे किंवा होता, वजन खूप आहे, दोन्ही गुडघे एकदम केलेत, हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत किंवा पॅरालिसिसमुळे पाय हलत नाही, तिथे सुरुवातीला खरं औषध हवं, इंजेक्शन किंवा गोळी, आणि मग वाटलं तर एस्पिरिनवर उतरावं. दोन्ही गुडघे एकदम करणं आपल्याकडे सर्रास आहे, एकच रजा, एकच खर्च, मुलाला अमेरिकेतून एकदाच यायचं असतं, हे सगळं मला कळतं, पण त्याची किंमत म्हणून गुठळीचं औषध जरा नेटाने घ्यावं लागतं एवढं धरून चाला.

पोटावरच्या डागांचं. ते इंजेक्शनचे आहेत, औषध चरबीत टोचतो तिथे बारीक केशिका फुटतात, दोन-तीन आठवड्यांत हिरवे-पिवळे होऊन जातात, गोळी बंद करायचं ते कारण नाही. बहुतेक डाग टोचायच्या पद्धतीने वाढतात. मावशींना घरी कोणी टोचणार असेल तर हे बघून घ्या: बेंबीपासून चार बोटं लांब, पोटाच्या बाजूला, एक दिवस डावीकडे एक दिवस उजवीकडे. कातडीची चांगली जाड घडी चिमटीत धरायची, सुई सरळ उभी पूर्ण आत, हळूहळू औषध सोडायचं, आणि सुई बाहेर येईपर्यंत चिमटी सोडायची नाही. भरलेल्या ४० च्या सिरिंजमध्ये हवेचा छोटा बुडबुडा असतो, तो काढायचा नसतो, कंपनीने मुद्दाम ठेवलेला असतो, काढायला गेलात की औषधाचा थेंब वाया जातो आणि सुईला लागलेलं औषध कातडीत डाग करतं. टोचल्यावर चोळायचं अजिबात नाही, नुसतं कापसाने दाबून धरा. चोळायची आपल्याला फार सवय, लहानपणी कंपाउंडरने लावलेली. डाग नारळाएवढा फुगला, कडक झाला, किंवा न टोचलेल्या जागी, हिरड्यांतून, लघवीतून रक्त दिसलं तर मात्र ते वेगळं प्रकरण, फोन करा. हे इंजेक्शन चार-पाच दिवसांपेक्षा जास्त चालणार असेल तर प्लेटलेटचा काउंट मधे बघतात, क्वचित कोणाच्या शरीरात हेपॅरिनविरुद्ध उलटी प्रतिक्रिया होऊन पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान प्लेटलेट निम्म्यावर येतात आणि गंमत अशी की रक्तस्राव न होता उलट गुठळ्या होतात.

एक गोष्ट कोणी विचारत नाही आणि आम्हीही स्वतःहून सांगत नाही, ती म्हणजे हे इंजेक्शन डुकराच्या आतड्यापासून बनतं. कोणाला श्रद्धेमुळे चालत नसेल, जैन असोत, मुसलमान असोत, नुसते कट्टर शाकाहारी असोत, तर ऑपरेशनच्या आधीच सांगा. बहुतेकांसाठी गोळी हा सोपा पर्याय असतो, फोंडापॅरिनक्स नावाचं पूर्णपणे कारखान्यात बनवलेलं इंजेक्शनही आहे. आधी सांगितलं तर कोणाचंच काही अडत नाही.

मणक्यात भूल दिलेली असते त्याचाही या औषधाच्या वेळेशी संबंध असतो आणि नातेवाईक यावरून उगाच सिस्टरवर चिडतात. पाठीत दुखण्यासाठी बारीक नळी ठेवलेली असेल तर ती काढायच्या आधी एनॉक्सापॅरिनच्या शेवटच्या डोसनंतर बारा तास जावे लागतात आणि काढल्यावर पुढचा डोस निदान चार तासांनी, रिव्हारॉक्साबॅनला ही अंतरं आणखी वेगळी. म्हणून सकाळचा डोस दुपारी ढकलला तर तो विसरलेला नसतो, मुद्दाम ढकललेला असतो. यामागची भीती म्हणजे मणक्याच्या पोकळीत रक्त साचून नसा दाबल्या जाणं, फार क्वचित होतं, पण भूल उतरून पाय हलायला लागल्यावर पुन्हा दोन्ही पाय जड-बधिर होऊ लागले, पाठ जोरात दुखू लागली किंवा लघवी अडली तर सकाळची वाट बघायची नसते, रात्री दोन वाजता डॉक्टरला उठवायचं.

आता इतर औषधांशी भांडण. इथे मला मेडिकलवाल्यापेक्षा घरातल्या औषधाच्या डब्याची जास्त भीती वाटते. गजकर्णासाठी इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल आजकाल घरोघरी महिना-महिना चालू असतात, त्वचेचं औषध म्हणून पेशंट सांगतच नाही, आणि त्या रिव्हारॉक्साबॅनचं प्रमाण रक्तात वाढवतात, दोन्ही एकत्र नको. टीबीच्या उपचारातली रिफाम्पिसिन बरोबर उलटं करते, गोळीचा असर इतका उतरवते की घेतली न घेतली सारखीच, फिटच्या फेनिटोइन आणि कार्बामॅझेपिनचंही तेच. अशा पेशंटला मी गोळीच्या वाटेला न जाता इंजेक्शनच देतो. दुखण्यासाठी सर्जनने जे लिहिलंय तेवढंच घ्या, त्यावर स्वतःहून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन आणून खाल्लं की पोटातून रक्तस्रावाची शक्यता वाढते, दुखलं तर पॅरासिटामोल आधी. आईंना शुगर-बीपी आहे म्हणून आधीपासून हृदयासाठी एस्पिरिन ७५ चालू आहे का तेही बघा, असेल तर रिव्हारॉक्साबॅनबरोबर तीही चालली आहे का बंद ठेवली आहे हे सर्जनला विचारा, मनाने बंद करू नका, विशेषतः स्टेन्ट असेल तर अजिबात नाही. आणि ज्यांना हृदयाची कृत्रिम झडप बसवलीय, अॅसिट्रॉम ही रक्त पातळ करायची जुनी गोळी चालू आहे, त्यांनी ही नवी गोळी सोपी आहे म्हणून अॅसिट्रॉमच्या जागी कधीही घेऊ नये, झडपेवर या गोळ्यांचा निकाल वाईट लागलेला आहे. त्यांचं वेळापत्रक हार्टवाले डॉक्टर वेगळं करून देतात.

मावशींचं प्रकरण आईंपेक्षा नाजूक आहे, म्हणून जरा थांबून लिहितो. खुबा मोडला की गुठळीचा धोका ऑपरेशनपासून सुरू होत नाही, पडल्या क्षणापासून सुरू होतो. गावाकडे बऱ्याचदा आधी हाडवैद्याकडे जाणं होतं, मग तालुक्याला एक्सरे, मग पैशांची जुळवाजुळव, योजनेचं कार्ड, हार्टचं फिटनेस, आणि तोवर पाय वजनाला लावून पेशंट चार-सहा दिवस पडून. त्या दिवसांतही इंजेक्शन हवं, ते ऑपरेशनच्या बारा तास आधी थांबवतात आणि नंतर पुन्हा सुरू करतात. त्यांना सुरू केलंय ते बरोबरच आहे. पण डोस बघा. समजा किडनीच्या रिपोर्टवर क्रिएटिनिन १.२ आलंय, लॅबच्या कागदावर ते नॉर्मलच छापलेलं असणार आणि कोणी दुसऱ्यांदा बघणार नाही. आता हिशोब करा, १४० मधून वय ८० वजा केलं, ६०, गुणिले वजन ४२, बाई म्हणून गुणिले ०.८५, आणि भागिले ७२ गुणिले १.२. उत्तर येतं २५ च्या थोडं खाली. म्हणजे किडनी मिनिटाला २५ मिलीच साफ करतेय, आणि ३० च्या खाली एनॉक्सापॅरिन शरीरात साचतं, त्याचा डोस ४० वरून कमी करावा लागतो किंवा साधं हेपॅरिन ५,००० युनिट दिवसातून दोन-तीनदा देतात. मघाशी सांगितलेलं फोंडापॅरिनक्स इथे दोन कारणांनी बाद, किडनी आणि ५० किलोच्या खालचं वजन. डॉक्टरांना नुसतं एवढं विचारा, मावशींचं वजन धरून किडनीचा क्लिअरन्स, म्हणजे हाच वरचा आकडा, काढलाय का? खूप वेळा फाइलमध्ये वजनच लिहिलेलं नसतं, कारण मोडलेल्या खुब्याचा पेशंट काट्यावर उभा कसा करणार, मग अंदाजे साठ. तुम्हाला ४२ माहीत आहे तर ते ठासून सांगा.

मावशींना नुसती एस्पिरिन चालेल का, असंही कोणी विचारेल, कारण अमेरिका-कॅनडात बारा हजारांवर फ्रॅक्चरच्या पेशंटांचा अभ्यास २०२३ मध्ये छापून आला आणि त्यात एस्पिरिन ८१ दिवसातून दोनदा घेणाऱ्यांत मृत्यू इंजेक्शनवाल्यांइतकेच होते, ०.७८ आणि ०.७३ टक्के, फुफ्फुसातल्या गुठळ्याही दोन्हीकडे सारख्याच, पायातल्या मात्र एस्पिरिनवर जरा जास्त, २.५१ विरुद्ध १.७१. अभ्यास उत्तम आहे आणि तरुण मुलाची मोटरसायकलवरून पडून नडगी मोडली असेल तर मी तो खुशाल वापरतो. पण त्यातल्या लोकांचं सरासरी वय ४५ च्या आसपास होतं. ऐंशीच्या, वाळलेल्या, खुबा मोडलेल्या बाईला तो जसाच्या तसा लावायला माझा हात धजत नाही, तिथे मी इंजेक्शन महिनाभर किंवा किडनी साथ देत असेल तर पुढे गोळी, असंच करतो.

आणि याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण हल्ली पायाला प्लास्टर लागलं तरी घरचे विचारतात गुठळीची गोळी का नाही दिली. नेदरलँड्समध्ये २०१७ साली दोन अभ्यास एकत्र छापून आले, एक दुर्बिणीने गुडघ्याचं छोटं ऑपरेशन केलेल्यांचा आणि एक गुडघ्याखाली प्लास्टर घातलेल्यांचा. इंजेक्शन दिलेल्या आणि न दिलेल्या लोकांत गुठळ्यांचा खास फरक पडला नाही. तेव्हा सगळ्यांना सरसकट नको, ज्याला आधी गुठळी झालीय किंवा इतर मोठं कारण आहे त्यालाच.

औषधाबरोबर पाय हलले पाहिजेत, हे वेगळं सांगायला नको पण सांगतो. पलंगावर पडल्या पडल्या पाऊल वरखाली, तासातासाला वीसेक वेळा, टीव्हीवर जाहिरात लागली की करायचं असं ठरवा म्हणजे विसरत नाही. पाणी भरपूर, सारखं लघवीला उठावं लागतं म्हणून आपल्या बायका पाणीच कमी पितात आणि हे मला रोज दिसतं. आणि सुजलेल्या पायाला तेल लावून पोटरी रगडायची नाही, मालिशवाली बाई कितीही नावाजलेली असो, आतमध्ये गुठळी असली तर ती सुटायला तेवढं पुरतं.

गुडघे बदलल्यावर पाय सुजतोच, दोन-तीन महिने थोडा सुजलेला राहतो, त्यामुळे सूज दिसली की गुठळी असं नाही. रात्रभर पाय उशीवर ठेवल्यावर सकाळी उतरणारी सूज बहुतेक ऑपरेशनचीच. पण एका पायाची पोटरी दुसरीपेक्षा अचानक जाड झाली, ताठली, दाबल्यावर दुखते, कातडी गरम-लाल, सकाळीही उतरत नाही, तर त्याच दिवशी डॉपलर, म्हणजे पायातल्या नसांची सोनोग्राफी, करा. दोन्ही पायांचं ऑपरेशन झालेल्यांत दुसऱ्या पायाशी तुलना करायची सोय राहत नाही, म्हणून डिस्चार्जच्या दिवशी दोन्ही पोटऱ्यांचा टेपने घेर घेऊन लिहून ठेवायला मी सांगतो. पाऊल मागे ओढून दुखतं का बघायची जुनी पद्धत भरवशाची नाही, आणि डी-डायमर ही गुठळीचा अंदाज घ्यायची रक्ताची टेस्ट ऑपरेशननंतर आठवडे वाढलेलीच येते, तिच्यावर पैसे घालवू नका. काहीच तक्रार नसताना खात्री म्हणून डॉपलर करायचीही गरज नाही. पण अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत कळ येते, खोकल्यातून रक्त पडलं, उठताना चक्कर येऊन पडल्या, छातीत नुसती धडधड, तर गॅस झाला असेल म्हणून ओवा देत बसायचं नाही, १०८ ला फोन आणि सीटी होईल अशा मोठ्या हॉस्पिटलात. काळी डांबरासारखी शौच किंवा जखमेवरची पट्टी पुन्हा पुन्हा भिजणं हे रक्तस्रावाच्या बाजूचं लक्षण, तेव्हाही त्याच दिवशी डॉक्टर.

शेवटी तुम्ही विचारलंय एखादा दिवस गोळी राहून गेली तर. त्याच दिवशी आठवलं तर आठवल्या क्षणी द्या, दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर आठवलं तर नेहमीची एकच द्या, दोन एकदम कधीच नाही. १० ची गोळी जेवणाआधी-नंतर कशीही चालते, उपासाच्या दिवशीही चुकवायचं कारण नाही. आणि स्ट्रिप आणायला जाल तेव्हा १० च आहे ना बघून घ्या, १५ आणि २० च्याही मिळतात, त्या झालेल्या गुठळीच्या उपचाराच्या असतात आणि आईंना त्या द्यायच्या नाहीत.